कॉफीच्या तीन ओळी

उर्मिला ठोंबरेंनी रोपाला नुसता हात लावला आणि ते मातीतून सुटून वर आलं. ओढावंही लागलं नाही. जिथे पांढऱ्या मुळांचा झुपका असायला हवा होता तिथे काळसर, कुजल्या सुतळीसारखं काहीतरी लोंबत होतं. त्यांनी शेजारच्या रोपाकडे पाहिलं. त्याचीही पानं पिवळी पडून खाली वळली होती. त्याला हात लावायचं धाडस त्यांना झालं नाही.

लावणीची ही तिसरी खेप होती.

चिखलदऱ्याच्या पठारावर त्यांची अडीच एकर जमीन होती, उतारावरची, सिल्व्हर ओक आणि जांभळांच्या सावलीतली. सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून त्या इथे आल्या, तेव्हा वरूडच्या संत्र्याच्या मुलखातल्या या मुलीनं कॉफीचं झाड पाहिलंही नव्हतं. पुढे इथेच राहायचं ठरलं, जमीन घेतली, आणि खालच्या शेताचे मालक गोमाजी येवले यांनी आपल्या वाफ्यातली रोपं टोपल्या भरभरून आणून दिली. कॉफी कशी लावायची, किती छाटायची, फळ कोणत्या रंगावर तोडायचं, सगळं त्यांनीच दाखवलं. ती झाडं वीस-बावीस वर्षं फळली. मग म्हातारी होऊन वाळू लागली, म्हणून ती काढून नवी लावायला घेतली, आणि तिथपासून जमीन रुसली. जुनं झाड जिथे वर्षानुवर्षं उभं होतं, तिथे नवं रोप दुसरा पावसाळा पाहत नव्हतं.

"सोड आता," त्यांचे यजमान प्रफुल्ल म्हणाले. एसटीच्या परतवाडा-चिखलदरा गाडीवर चालक म्हणून त्यांची सगळी नोकरी झाली होती. "घाटात गाडी तापली की मी बाजूला घ्यायचो. शिव्या देत पुढे नव्हतो रेटत. मोथा गावात सगळे स्ट्रॉबेरी लावतात, आपणही लावू."

"मला स्ट्रॉबेरी आवडत नाही."

"विकायची आहे उर्मिला, खायची नाही."

एरवी त्या हसल्या असत्या. पण हातातलं ते रोप त्यांना खाली ठेववत नव्हतं. दवाखान्यात त्यांनी शेकडो बाळंतपणं केली होती. ती बाळं आपापल्या आयांबरोबर आपापल्या गावी गेली. स्वतःच्या हातानं वाढवून स्वतःपाशी राहिलेली अशी ही बाग तेवढी होती.

डॉ. नाझनीन काझी आल्या त्या याच सुमाराला. अचलपूरच्या या मुलीनं परदेशात मातीतल्या जीवांवर काम केलं होतं आणि आता ती एका संशोधन केंद्रात होती. वय जेमतेम पस्तीस. कॉफीच्या मेलेल्या बागा शोधत ती गावोगाव फिरत होती. तिनं उर्मिलाबाईंच्या शेतातली मूठभर माती पाण्यात कालवली, जाळीतून गाळली, आणि थेंबभर पाणी काचेवर घेऊन ती काच छोट्या सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली. "बघा."

उर्मिलाबाईंनी डोळा लावला. पारदर्शक, केसाच्या तुकड्यासारखे असंख्य जीव वळवळत होते.

"सूत्रकृमी," नाझनीन म्हणाली. "तोंडात सुई असते यांच्या. मुळाला टोचतात, रस ओढतात, आत शिरून पिलावळ वाढवतात. जुन्या झाडाची मुळं खोल आणि जाड असतात, ते कसंबसं तग धरतं. कोवळ्या रोपाला तेवढी ताकद नसते. तुम्ही जुनं झाड काढलं की यांचं घर जातं, आणि नवं रोप लावलं की सगळे मिळून त्याच्यावर तुटून पडतात."

"औषध मारलं होतं आम्ही. दोनदा."

"औषधानं हे मरतात. अंडी मरत नाहीत."

मग तिनं पायरीवर बसून, चहाचा कप हातात धरून, जे सांगितलं ते उर्मिलाबाईंना पुढे किती तरी जणांना सांगावं लागलं, म्हणून ते त्यांना पाठच झालं.

या किड्याची बरीचशी अंडी मातीत झोपून राहतात. वर्षानुवर्षं. ऊन, पाऊस, औषध, कशानंच ती जागी होत नाहीत. जागी होतात ती एकाच खुणेनं. जिवंत मूळ मातीत सतत काही ना काही पाझरत असतं, आपल्या घामासारखं. त्या पाझरात एक विशिष्ट द्रव्य असतं. ते अंड्यापर्यंत पोचलं की आतल्या जिवाला कळतं, जवळ मूळ आहे, बाहेर पडायला हरकत नाही. नाझनीनच्या गटानं कॉफीच्या मुळाचं ते द्रव्य ओळखलं होतं, आणि दुधाला विरजण लावावं तसे जिवाणू वापरून ते मोठ्या पिंपात तयारही केलं होतं. शेतात एकही मूळ नसताना ते मातीत सोडायचं. अंडी फसतात, फुटतात. बाहेर आलेल्या पिल्लाच्या पोटात काही आठवड्यांपुरतीच शिदोरी असते. ते मूळ शोधत फिरतं, आणि मूळ कुठेच नसतं.

"म्हणजे खोटी हाक मारायची," उर्मिलाबाई म्हणाल्या.

"अगदी. आणि उपाशी मारायचं." नाझनीननं कप खाली ठेवला. "पण एक अट आहे. पूर्ण पावसाळा जमीन उघडी लागेल. कॉफीचं एकही झुडूप नाही, भाजी नाही, तण नाही. सावलीची झाडं राहू द्या, त्यांच्या मुळांना हा तोंड लावत नाही."

पावसाळ्यात उताराची जमीन उघडी ठेवायची म्हणजे माती वाहून जाणार. म्हणून काथ्याच्या जाळ्या अंथरल्या, त्यावर वाळला पाला दाबला. उरलेली जुनी झाडं मुळासकट काढून जाळली. मग नाझनीनच्या माणसांनी पेन्सिलीएवढ्या जाड नळ्या शेतभर खुपसल्या. काही नळ्या द्रव्य सोडणाऱ्या होत्या, माती ओली आणि कोमट असेल तेव्हाच थेंब टाकणाऱ्या. काही नुसत्या हुंगणाऱ्या. सूत्रकृमी एकमेकांसाठी मातीत जो वास सोडतात तो त्या टिपत, आणि कुठे किती जीव जागे झालेत ते नाझनीनच्या फोनवर नारिंगी ठिपक्यांत दिसे.

गोमाजी येवले एकदा दुधाच्या कॅन्या ठेवून बांधावर उभे राहिले. ते गवळी. म्हशी हा त्यांचा मूळ धंदा, कॉफी नंतरची. सत्तरी उलटली होती तरी पाठ ताठ होती.

"सिस्टरबाई, हे काय लावलं?"

उर्मिलाबाईंनी सगळं समजावलं.

"असं म्हना ना, हाकाऱ्या हाय," ते म्हणाले. "रानात ढोल वाजवून जनावर उठवते, तसा."

यंत्राचं नाव गावात तेच पडलं. हाकाऱ्या.

पाऊस सुरू झाला आणि नारिंगी ठिपके उगवू लागले. आधी तुरळक, मग दाट. नाझनीनचा चेहरा उजळला. पुढच्या पंधरवड्यात वरच्या भागातले ठिपके विरायला लागले, जागे झालेले जीव उपाशी मरू लागले होते. उर्मिलाबाई फोनवरचा नकाशा प्रफुल्लना दाखवत, आणि ते चष्मा वर करून म्हणत, "स्ट्रॉबेरी वाचली बिचारी."

त्या वर्षी पाऊस मात्र नेहमीच्या मापाचा नव्हता. धुकं उठेना, सरी थांबेनात. एका सकाळी नाझनीन आली ती शेतात न जाता सरळ घरात आली. ओला रेनकोटही तिनं काढला नाही.

"काकू, बांधाजवळच्या नळ्या मला विचित्र वाटल्या, म्हणून काल मी बांधाच्या पलीकडे, अगदी कडेला, दोन नळ्या लावून पाहिल्या. गोमाजीकाकांच्या हद्दीत. त्यांना न विचारता लावल्या, चुकलंच." तिनं फोन पुढे केला. नारिंगी ठिपके बांधावर थांबले नव्हते.

"त्यांच्याकडे हाक गेली?"

"मातीतले जिवाणू हे द्रव्य चार-दोन दिवसांत खाऊन टाकतात, म्हणून ते लांब जात नाही, असा आमचा हिशेब होता. पण इथे हातभर मातीखाली मुरूम आणि त्याखाली सलग काळा दगड. इतका पाऊस झाल्यावर पाणी खाली न मुरता आडवं झिरपलं आणि उतारानं निघालं." ती खुर्चीच्या कडेवर टेकली. "त्यांच्या मातीतही झोपलेली अंडी आहेत, म्हाताऱ्या मुळांचा पाझर त्यांना उठवायला पुरत नव्हता. ती उठली आहेत. आणि त्यांच्याकडे मुळं आहेत."

उर्मिलाबाईंना एकदम समोर दिसली ती गोमाजींची बाग, हिरव्या फळांनी लगडलेली.

"आणखी आठवडाभर मोजू या," नाझनीन म्हणाली. "कदाचित थोडक्यात निभावेल. आत्ता बंद केलं तर तुमची निम्मी अंडी तशीच राहतील. पुन्हा पुढच्या वर्षी जमीन उघडी ठेवावी लागेल, आणि पुढच्या वर्षी आमचा प्रयोग चालू असेल की नाही, मला माहीत नाही. खात्री करून मग..."

"रुग्णाला पुरळ उठलं की आपण आधी सलाइन बंद करतो, नाझनीन. कारण मग शोधतो."

"काकू, तुमचं सगळं वर्ष जाईल."

"बंद कर."

नाझनीननं त्यांच्याकडे पाहिलं. मग फोनवर बोट फिरवलं. हाकाऱ्या थांबला. यंत्र थांबल्याचा काही आवाजबिवाज नव्हता. पाऊस पडतच होता. उर्मिलाबाई उठल्या, छत्री घेतली.

"मी येते बरोबर," नाझनीन म्हणाली.

"तू तर यायलाच हवंस."

गोमाजी गोठ्यात होते. एका म्हशीच्या खुराला काहीतरी लागलं होतं, ते वाकून पाहत होते. त्यांची सून रोशनी चुलीवर खव्याची कढई ढवळत होती. तिचा नवरा अमरावतीला नोकरीला, महिन्यातून एकदा यायचा. घर, म्हशी आणि बाग, तिन्हीचा कारभार खरं म्हणजे तिच्याच हातात होता.

उर्मिलाबाईंनी आडपडदा न ठेवता सांगितलं. द्रव्य कसं खाली आलं, काय झालं, काय होऊ शकतं. नाझनीननं मधे मधे भर घातली. गोमाजींनी म्हशीचा पाय खाली सोडला.

बोलली ती रोशनी. कढईतला झारा तसाच हातात धरून ती उभी राहिली.

"काकू, तुमची जमीन बरी करायसाठी आमची झाडं मारायची? हे कुठलं शायनपन? आमाले कोनी इचारलं होतं का?"

"नव्हतं विचारलं."

"बांध एक हाय, पानी एक हाय, एवढं कोनाच्याच डोक्यात नाई आलं?"

"माझ्या डोक्यात यायला हवं होतं," नाझनीन म्हणाली. "नाही आलं."

रोशनीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, रागाचं. तिनं पाठ फिरवली आणि कढई जोरजोरात ढवळायला लागली. खवा खाली लागल्याचा वास गोठ्यापर्यंत आला.

"यंत्र चालूच हाय का आता?" गोमाजींनी विचारलं. ते पहिल्यांदाच बोलले.

"नाही. बंद केलं."

"कवा?"

"इकडे यायच्या आधी."

गोमाजी त्यांच्याकडे बघत राहिले. "मले इचारायच्या आधीच बंद केलं?"

"त्यात तुम्हाला काय विचारायचं, गोमाजीभाऊ?"

म्हातारा परत म्हशीकडे वळला. "जा आता," एवढंच म्हणाला. त्यात राग होता की नाही, उर्मिलाबाईंना ओळखता आलं नाही. परतताना चढावर त्यांना दम लागला. रोशनीचं काही चुकलेलं नव्हतं, हेच पुन्हा पुन्हा मनात येत होतं.

दुसऱ्या दिवशी गोमाजी स्वतः आले. बरोबर रोशनीही होती. ते आत आले नाहीत. पडवीतच बसले आणि नाझनीनला बोलवायला सांगितलं. ती विश्रामगृहात उतरली होती, पळतच आली.

"पोरी, मले सरळ सांग. आमच्या बागेत जे उठले ते किती आत गेले?"

"तुम्ही परवानगी दिली तर मोजते."

"मोज."

दिवसभर ती रोशनीबरोबर त्यांच्या बागेत नळ्या खुपसत फिरली. संध्याकाळी पडवीत पुन्हा सगळे जमले. बांधाला लागून असलेल्या पहिल्या तीन ओळी. तिथवर अंडी फुटली होती. त्याखाली नाही.

"ते आता या तीन ओळींच्या मुळांत शिरतील," नाझनीन म्हणाली. "खाऊन, वाढून, मग चौथीकडे, पाचवीकडे. दोन-तीन वर्षांत सगळी बाग."

"आनि थांबवायचं कसं?"

नाझनीन उर्मिलाबाईंकडे न बघता बोलली. "या तीन ओळी याच आठवड्यात मुळासकट काढल्या, तर उठलेले जीव उपाशी मरतील. खालची बाग वाचेल. पण झाडांवर फळ आहे, काका. मी तुम्हाला काढा असं म्हणू शकत नाही."

प्रफुल्ल उठून आत गेले आणि चहा ठेवल्याचा आवाज आला.

"आनि वरचं?" गोमाजींनी विचारलं. "सिस्टरबाईचं शेत अर्ध्यावर रायलं ना? तिथले बाकीचे कवा उठन?"

"पुन्हा हाक मारली की."

"मंग त्या तीन ओळी काढल्या, मधात चर खंदला, पानी तिकून नाल्याकडे काढून देल्लं, तर पुन्हा हाक मारता येते का?"

नाझनीन विचारात पडली. मग तिनं जमिनीवर बोटानं उतार काढला, चर कुठून न्यायचा ते दाखवलं, नाल्याच्या तोंडाशी कोळशाचा आणि शेणखताचा थर टाकला तर द्रव्य तिथेच जिरेल म्हणाली. चराच्या काठानं झेंडू लावायचा, त्याच्या मुळांचा रस या किड्याला विषासारखा. आणि हाक मारायची ती फक्त उघडीप असेल तेव्हा, थोडी थोडी. "येते," ती शेवटी म्हणाली. "मारता येते."

"गोमाजीभाऊ, नको," उर्मिलाबाई म्हणाल्या. "तुमच्या ओळी तुम्ही तुमच्या बागेसाठी काढा, मी येईन, खणायला लागेन. पण माझ्यासाठी काही करू नका. हे उपकार मला फेडता यायचे नाहीत."

"कोन म्हंते फेडा?" म्हातारा चिडलाच. "तुमी मशीन बंद केली तवा मले बिल पाठवलं होतं का?"

इतका वेळ गप्प बसलेली रोशनी पुढे सरकली. "बाबा बोलले ते बोलले. माझं पन ऐका." ती नाझनीनला म्हणाली, "एक, आमच्या उरलेल्या बागेचं काय? ती पन म्हातारीच हाय. आज ना उद्या आमाले बी नवी लावा लागन. तवा हे मशीन पायजे. ते इथून हलवायचं नाई, गावातच रायन."

"केंद्राशी भांडेन मी त्यासाठी," नाझनीन म्हणाली.

"भांडा. दुसरं. काकूच्या वरच्या शेतात नवी रोपं लागतीन, त्याच्यासाठी वाफे घालसान ना? ते आमच्या अंगनात घालायचे. रोपं मी करीन, बाबांनी शिकवलं हाय मले. आनि तिसरं." ती उर्मिलाबाईंकडे वळली, आणि इथे तिचा आवाज जरा खाली आला. "पुढच्या टायमाले आधी इचारायचं."

"आधी विचारायचं," उर्मिलाबाई म्हणाल्या.

झाडं काढायचं काम त्यांनी पावसातच केलं. गोमाजींनी पहिला घाव स्वतः घातला, मग बाजूला होऊन दगडावर बसले. हिरव्या फळांचे घोस चिखलात पडत होते आणि त्याकडे ते बघत नव्हते. प्रफुल्ल, रोशनी, नाझनीन, तिची माणसं, आणि गावातली ज्यांना ज्यांना कळलं ती सगळी कुदळी घेऊन आली. उर्मिलाबाई एकेका झाडाच्या बुंध्याशी गुडघे टेकून हातानं मुळं चाचपत, एक तंतूही मागे राहू नये म्हणून. त्यांची ओंजळ चिखलानं भरलेली, पाठ मोडून आलेली, आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. पावसात ते कोणाला दिसलं नाही, आणि दिसलं असतं तरी त्यांनी लपवलं नसतं.

नोकरीत लोकांनी त्यांचे किती आभार मानले होते! पाया पडले होते, कोंबड्या आणून दिल्या होत्या, मुलींना उर्मिला नाव ठेवलं होतं. "अहो, हे माझं कामच आहे," म्हणून त्या सगळं झटकून टाकायच्या. घेणाऱ्याच्या बाजूनं ते किती जड असतं, हे त्यांना आता कळत होतं. आणि जड असूनही टाकून द्यावंसं वाटत नव्हतं. रोज सकाळी उठून चुलीपाशी जाताना खालच्या बांधावरची ती रिकामी पट्टी दिसे, आणि कोणीतरी आपल्यासाठी एवढं केलं या जाणिवेनं त्यांचा दिवस सुरू होई. भांडी घासताना, कपडे वाळत घालताना त्या मधेच थांबत आणि उगाच हसत.

हाकाऱ्या पुन्हा सुरू झाला. उघडीप असेल तेव्हाच, थोडा थोडा. चरातून पाणी वळून नाल्याकडे गेलं, झेंडू फुलला. खालच्या ओळीतल्या नळ्या रोज तपासल्या जात होत्या, आणि आता ते काम रोशनीनं आपल्याकडे घेतलं होतं. फोन हातात घेऊन ती बांधावरून ओरडायची, "काकू, सगळं साफ हाय!" दिवाळीच्या सुमाराला वरच्या शेताचा नकाशा कोरा झाला.

पुढल्या पावसाळ्यात रोशनीच्या अंगणातली रोपं वर चढली. रोबस्टा जातीच्या चिवट मुळावर अरेबिकाचं कलम केलेली. उर्मिलाबाईंनी लावली आणि नंतर महिनोन्‌महिने एकाही रोपाला हात लावून बघितला नाही. भीती वाटायची. शेवटी प्रफुल्लनीच एका सकाळी एका रोपाला धरून चांगलं हलवलं. रोप जागचं हललं नाही.

"घट्ट आहे," ते म्हणाले, आणि घसा साफ करत दुसरीकडे बघायला लागले.

त्याच्या पुढच्या वर्षी येवल्यांची उरलेली बाग काढायची पाळी आली. खाली नुसता नाला आणि मग रान, तरीही नाझनीननं नाल्याचं पाणी, काठचं गवत, सगळं तपासेपर्यंत यंत्राला हात लावू दिला नाही. तो हंगाम येवल्यांकडे कॉफीचा दाणाही नव्हता. उर्मिलाबाईंनी आपल्या नव्या झाडांची पहिली तोडणी होईल तेव्हा त्यातला वाटा द्यायचं बोलून दाखवलं, तर गोमाजी म्हणाले, "मले कॉफी आवडत नाई, मी दूध पेतो." रोशनीनं मात्र मान डोलावून वाटा कबूल केला, आणि नंतर घेतलाही.

हाकाऱ्याची बातमी सातपुड्यात पसरली. नाझनीनला बोलावणी येऊ लागली आणि तिनं उर्मिलाबाईंना बरोबर घ्यायला सुरुवात केली. यंत्राचं तंत्र ती सांगायची, शेतात राबायचं कसं ते उर्मिलाबाई. तोरणमाळला जायची वेळ आली तेव्हा गोमाजी थैली घेऊन बसथांब्यावर येऊन उभेच होते.

"तुम्ही कुठे, गोमाजीभाऊ?"

"म्हशी रोशनी पायते. मले तोरनमाळ पायचं हाय."

तोरणमाळला ज्यांची बाग मेली होती ते गृहस्थ वाटच बघत होते. त्यांनी जमीन आधीच मोकळी करून ठेवली होती. चहा, नाश्ता, सगळं तयार. "आजच नळ्या लावा," ते म्हणत होते.

"खाली कोणाचं शेत आहे?" उर्मिलाबाईंनी विचारलं.

"खाली? जतनीबाईचं. पावरा आदिवासी बाई आहे, एकटी राहते. तिचं काय?"

"आधी तिच्याकडे जायचं."

गृहस्थांचा चेहरा उतरला, पण त्यांनी वाट दाखवली. खालच्या शेतात कौलारू घरापुढे एक बाई मका सोलत बसली होती. तिच्या मागे कॉफीची झुडपं होती, तजेलदार, फळांनी वाकलेली. चौघंजण उतरून आलेले पाहून ती उठली, पदर सावरला. नाझनीननं यंत्राचं सांगितलं. उर्मिलाबाईंनी आपण दवाखान्यात नर्स होतो हे सांगून चराचं, झेंडूचं सांगितलं, आणि पाणी आडवं झिरपलं तर काय होऊ शकतं, तेही लपवलं नाही. तुझ्या काही ओळी जाऊ शकतात, तू नाही म्हणालीस तर आम्ही इथूनच परत जाऊ, असं म्हणाल्या.

जतनीबाईनं शांतपणे ऐकून घेतलं. मग ती वर, त्या गृहस्थांच्या मोकळ्या शेताकडे बघत म्हणाली, "तुम्ही सगळे वरचेच लोक. यंत्राचे, दवाखान्याचे, मोठ्या शेताचे. माझं गेलं तर मला कोण विचारणार?"

नाझनीन पायाखालची माती बघत राहिली.

गोमाजी दोन पावलं पुढे आले, आणि सोललेल्या मक्याच्या ढिगाशेजारी खाली जमिनीवर बसले.

"मी वरचा नाई, बाई," ते म्हणाले. "मी खालच्या शेतातला हाय. तुमाले काय काय इचारायचं ते मले इचारा."

जतनीबाईनं त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग घरातून पाण्याचा तांब्या आणून त्यांच्यापुढे ठेवला आणि समोर बसली.